भावजयीचं दूध

रविवार, ८ फेब्रुवारी

निवृत्त झाले तेव्हा रोजनिशी लिहिणं बंद केलं होतं. शाळेत असताना लिहायला काहीतरी असायचं. कुणी कॉपी केली, कुणाचे पालक भांडायला आले. घरी बसल्यावर काय लिहायचं, आज पंखा पुसला? पण आज पुन्हा वही उघडली, कारण या घरात मनातलं बोलायला कुणी नाही. भावजय आहे, पण तिचं-माझं बोलणं जेवण आणि गोळ्या यांच्यापलीकडे कधी गेलं नाही. मी तिच्या नवऱ्याची मोठी बहीण, त्यातून माजी उपमुख्याध्यापिका. शाळेतली पोरं मला पाठीमागे ‘छडी’ म्हणायची. तिलाही ते ठाऊक असावं.

सकाळी धाकट्याचा, माझ्या भावाचा, फोन आला. पिल्लूचं, त्याच्या तान्ह्या लेकीचं, ऑपरेशन नीट झालंय. जन्मली तेव्हा तिचं आतडं मध्येच बंद होतं. इथल्या डॉक्टरांनी हात टेकले, म्हणून धाकटा तिला विमानाने त्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. भावजयीचे बाळंतपणातले टाके चिघळले म्हणून ती मागे राहिली आणि तिच्या सोबतीला मी येऊन पडले. आता पिल्लूला नाकातल्या नळीतून थेंब थेंब दूध द्यायला घेतलंय. डब्याचं दूध दिलं तर पोट ढोलासारखं फुगलं. डॉक्टर म्हणाले, सध्या आईचंच हवं.

आईचं दूध इथे आहे. भावजय यंत्राने काढते, पिशव्यांत भरते, पिशवीवर वार आणि वेळ लिहून गोठवायच्या कप्प्यात ठेवते. मी तिथले मटार केव्हाच काढून टाकले. पण पोचवायचं कसं? पार्सलवाल्यांनी कानांवर हात ठेवले. रस्त्याने न्यायचं तर दीड दिवस लागतो.

मी म्हटलं, मी नेते.

“ताई, तुला एकटीला विमानाचं जमेल?” धाकटा म्हणाला.

“तुला सायकल कुणी शिकवली?” मी विचारलं. त्याने फोन ठेवला.

मंगळवार, १० फेब्रुवारी

पोचले. पण काय काय सोसून.

पिशव्या एका निळ्या थंड पेटीत घातल्या होत्या, भोवती बर्फाच्या लाद्या. पेटी माझ्या हातातच ठेवायची, सामानात टाकायची नाही, हे धाकट्याने दहादा बजावलं होतं. तपासणीच्या पट्ट्यावर पेटी आत गेली आणि पट्टा थांबला. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. मग एका बाईने मला बाजूला बोलावलं. गणवेश कडक, आवाज अगदी बारीक.

“यात काय आहे?”

“दूध.”

“कसलं?”

“आईचं. बाळासाठी.”

तिने माझ्याकडे पाहिलं. माझे केस पांढरे आहेत. “बाळ कुठंय?”

“तिकडे, इस्पितळात.”

“म्हणजे दूध तुमचं…”

“माझं कुठून असणार? मी अविवाहित आहे.” हे मी जरा मोठ्याने बोलले असावे, कारण मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. वर्गात कुणी असं हसलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं. इथे उभी मीच होते, तीही अनवाणी, चपला ट्रेमध्ये.

इस्पितळाचं पत्र दाखवलं. तिने ते दोनदा वाचलं, साहेबांना विचारून आली, पेटीवरून आणि माझ्या हातांवरून कसली तरी पट्टी फिरवली आणि जा म्हणाली. जाताना मात्र तिने पेटीचं झाकण स्वतः नीट दाबून बसवलं.

इस्पितळात धाकटा दाढी वाढलेला, शर्टाचं बटण तुटलेलं. पिल्लू काचेच्या पेटीत. एवढंसं नाक, त्यात नळी. सिस्टरने पिशव्या घेतल्या आणि म्हणाली, “उद्यापासून प्रमाण वाढवू.” माझा जीव भांड्यात पडला.

बुधवार, ११ फेब्रुवारी

दुपारी परतले. भावजय दारातच. आत तरी येऊ दे म्हटलं. तिला सगळं ऐकायचं होतं. रंग कसा आहे, रडते का, मुठी मिटते का. मी सांगितलं, मुठी मिटते आणि आपल्या घराण्यावर गेलीय, कपाळाला आठी आहे. ती हसली. हसता हसता खोकली.

तिचं अंथरूण पाहिलं. चार उशा एकावर एक रचून ती जवळजवळ बसूनच झोपते. मी म्हटलं, अशाने कंबर मोडेल, सरळ आडवी होत जा.

“आडवं पडलं की गुदमरल्यासारखं होतं, ताई.”

“खिडक्या बंद ठेवतेस म्हणून.” मी खिडकी उघडून दिली.

शनिवार, १४ फेब्रुवारी

आज दुसरी फेरी. तपासणीला आज चष्मेवाला अधिकारी होता. वाटेत ऊन होतं, दोन लाद्या थोड्या सुटल्या होत्या. त्याने लादी हातात घेऊन दाबली. आत पाणी डुचमळलं.

“हा बर्फ नाही. हा द्रव आहे.”

“घरून निघाले तेव्हा बर्फच होता.”

“आता नाही ना. ही इथे टाकावी लागेल.”

मी वाद घातला. तो शांत. तोही नियमाला धरून होता, हेच जास्त झोंबत होतं. हजेरी झाल्यावर धापा टाकत येणाऱ्या पोरांना मी असंच सांगायचे, तू निघालास केव्हा ते मला नको सांगूस, पोचलास केव्हा ते सांग. त्याने दोन्ही लाद्या पिंपात टाकल्या. दूध गोठलेलं होतं, म्हणून ते सोडलं.

आत गेल्यावर चहाच्या दुकानदारापुढे मी हात पसरले. जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. त्याने थंड पेयांखालचा बर्फ पिशवीभर दिला आणि वर विचारलं, “मासे आहेत का, मावशी?” मी हो म्हटलं. पुन्हा सगळं समजावत बसायची ताकद नव्हती.

पिल्लूने नळीतलं सगळं दूध पचवलं. पोट मऊ आहे.

सोमवार, १६ फेब्रुवारी

भावजयीला टाके दाखवायला नेलं. डॉक्टर म्हणाले, जखम सुकतेय, छान आहे. ती आणखी काही बोलणार होती, पण मला बर्फाच्या लाद्या घ्यायच्या होत्या आणि दुकान बंद व्हायची वेळ झाली होती. मी म्हटलं, चल, डॉक्टरांसाठी बाहेर रांग आहे.

परतताना जिन्यात ती प्रत्येक वळणावर थांबली. ती तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मी कुलूप उघडून पाणी भरून ठेवलं होतं. माझ्या निम्म्या वयाची बाई. आजकालच्या मुलींना चालायची सवयच नाही. पायही सुजलेत. सपाता बसत नाहीत म्हणून धाकट्याच्या घालून फिरते. मी म्हटलं, मीठ कमी खा.

दूध मात्र मनापासून काढते. त्या बाबतीत बोट ठेवायला जागा नाही. खुर्चीत बसते, यंत्र लावते, फोनवर पिल्लूचा फोटो समोर. यंत्राचा तो घरघर आवाज आता मला घड्याळासारखा झालाय.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

तिसरी फेरी. पुन्हा ती बारीक आवाजाची. या वेळी पेटी पाहताच म्हणाली, “आत्या ना?” मी चकित झाले. मी तिला मागे सांगितलं असणार. पट्टी फिरवता फिरवता तिने विचारलं, बाळ किती पितं? मी सांगितलं. म्हणाली, “माझा मुलगा लवकर झाला होता.” एवढंच. मग तिने मागच्या माणसाला बूट काढायला लावले.

पिल्लूला आज पहिल्यांदा मांडीवर घेतलं. नळ्यांसकट. धाकट्याने फोटो काढून बायकोला पाठवला. लगेच तिचा फोन. बोलताना मध्ये मध्ये थांबत होती. भरून आलं असेल.

शनिवार, २१ फेब्रुवारी

घरी आले तर भावजयीने एक लहान बॅग भरून दाराशी ठेवलेली. दोन कपडे, यंत्र, बाळाची टोपी.

“ताई, पुढच्या वेळी मी येऊ? टाके सुकलेत म्हणाले ना डॉक्टर.”

तिचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता. झोप नाही. मी विचार केला, तिथे ती तपासणीची रांग, ते उभं राहणं, त्यात पेटी. हिला सांभाळू की पेटी? म्हटलं, “आणखी एक फेरी मला एकटीला करू दे. मग आपण दोघी जाऊ.”

“बरं,” म्हणाली. हट्ट केला नाही. ती कधीच करत नाही. बॅग तिने तशीच दाराशी राहू दिली.

आता शांतपणे लिहिताना वाटतं, नेलं असतं तर काय बिघडलं असतं. पण नियमाने गेलेलं बरं. पुढच्या आठवड्यात नेतेच.

सोमवार, २३ फेब्रुवारी

सकाळी चहा घेऊन गेले. ती खुर्चीत होती, मान खिडकीकडे. यंत्र मांडीवर. मला वाटलं डोळा लागलाय. चहा ठेवला, पडदा सारला. मग हात लावला.

आणखी काही लिहवत नाही.

बुधवार, २५ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, हृदय. बाळंतपणानंतर एखादीचं हृदय असं कमजोर होतं, फुगतं, पाणी साठतं. मग त्यांनी विचारलं, “दम लागायचा का? पायांवर सूज? आडवं पडता येत नव्हतं का?”

मी हो म्हटलं. तिन्हींना हो म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं. पुढे काही विचारलं नाही, आणि मी उभीच राहिले, त्यांनी विचारावं म्हणून.

धाकटा काल आला आणि आज सगळं आटोपून परत गेला. पिल्लूजवळ कुणीतरी हवं. तो माझ्याशी नीट बोलला. जेवलीस का, विचारलं. त्याच्या डोळ्यांत मी पाहू शकले नाही.

तिची आई लहानपणीच गेलेली. वडील आले होते, थकलेले, काठी घेऊन. ते मला म्हणाले, “तुम्ही होतात म्हणून मला घोर नव्हता.”

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

कप्पा उघडला. आत पिशव्या आहेत. सगळ्यांत वर शनिवार सकाळ, शनिवार दुपार, रविवार सकाळ. तिचं अक्षर गोल, काना जरा लांब. वर्गात असती तर मी तिला सुवाच्य लेखनाला गुण दिले असते. उघडून तशीच उभी राहिले, गार वाफ तोंडावर घेत. मग आठवलं, उघडं ठेवलं तर वितळेल.

धाकट्याचा फोन. “डॉक्टर म्हणतात, डब्याचं दूध आता थोडं थोडं मिसळून बघू. पण एकदम नको. सवय होईपर्यंत तिचं लागेल.” मग जरा थांबून, “दूध आण, ताई. आणि तिचा फोन आण. त्यात पिल्लूला पाठवलेली गाणी आहेत.”

ती तिला गाणी म्हणून पाठवत होती, हे मला ठाऊक नव्हतं. त्याच घरात होते मी.

रविवार, १ मार्च

हे सगळं आज लिहून टाकते, नाहीतर कधीच लिहिणार नाही.

विमानतळाच्या रस्त्यावर मोठी वाहनकोंडी झाली. गाडी हलेना. पेटी मांडीवर धरून बसले. पोचले तेव्हा लाद्यांचं पाणी झालं होतं आणि पिशव्या कडेने सुटायला लागल्या होत्या.

तपासणीला नवा अधिकारी. तरुण, नवखा, म्हणून अधिकच काटेकोर. चष्मेवाला नाही, ती बारीक आवाजाचीही नाही. मी इकडेतिकडे पाहिलं, विचारलंही. म्हणाला, ड्यूटी बदलली.

“हे द्रव आहे. बाळ सोबत नसताना एवढं नेता येत नाही.”

पत्र दिलं. त्याने वाचलं. “यात आईचं नाव आणि नंबर आहे. त्या का नाही आल्या?”

 मी नुसतं म्हटलं, “येऊ शकली नाही.”

“मग त्यांच्याशी बोलून खात्री करतो.” त्याने समोरचा फोन उचलून नंबर लावला.

माझी पर्स ट्रेमध्ये होती. ट्रेमध्ये फोन वाजायला लागला.

त्याने एकदा ट्रेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. फोन वाजत राहिला. पर्सच्या उघड्या तोंडातून त्याचा उजेड दिसत होता.

“त्यांचा फोन तुमच्याकडे कसा?”

“ती वारली,” मी म्हटलं. “सोमवारी. हे दूध तिने त्याच्या आधी काढलेलं आहे. आता आणखी येणार नाही.”

हे मी तोवर कुणालाच तोंडाने सांगितलं नव्हतं. धाकट्याला फोन केला तेव्हाही नुसती रडले आणि तो समजला. पहिल्यांदा सांगितलं ते एका अनोळखी पोराला, अनवाणी उभं राहून.

त्याने रिसीव्हर ठेवला. साहेबांना बोलावलं. साहेब वयस्क होते. दोघं बाजूला जाऊन कुजबुजले. साहेब आले आणि खाली बघत म्हणाले, “बाई, गोठलेलं असतं तर प्रश्न नव्हता. पातळ झालंय. एवढं मी तसंच सोडू शकत नाही. एक पिशवी उघडा आणि घोटभर पिऊन दाखवा. बाकीच्यांना हात लावणार नाही.”

“उघडलेली पिशवी इस्पितळ घेत नाही.”

“माहीत आहे.”

कुठली उघडू? पेटीवर वाकले. शनिवार सकाळ, शनिवार दुपार. शनिवारी ती बॅग भरून बसली होती. मी शनिवार दुपारची उचलली, कारण तीच सर्वांत जास्त सुटली होती, असं मी स्वतःला सांगितलं. चिकटपट्टी ओली होऊन घट्ट बसली होती. त्या तरुण अधिकाऱ्याने हात पुढे केला. मी दिली नाही. मीच उघडली.

थंड होतं, आत बर्फाचे कण. गोड. मला वाटलं नव्हतं इतकं गोड असेल. मी चाखलं असेल ते तान्हेपणी, ते आठवणार कसं?

“झालं,” साहेब म्हणाले. “जा तुम्ही.”

उरलेलं पिंपात टाकायचं होतं. मला टाकवेना. तिथेच कडेला उभी राहून मी ते सगळं प्याले. माझ्या मागून लोक पट्टे आणि घड्याळं काढत पुढे जात होते. कुणी हसलं नाही.

मंगळवार, ३ मार्च

पिल्लूचं पोट अजून फुगलेलं नाही. डब्याचं थोडं, तिचं थोडं. सिस्टर मोजून मिसळते. उद्या नळी काढून बाटलीने पाजून बघणार.

तिच्या पिशव्यांतली आता एकच राहिलीय, इस्पितळाच्या शीतकपाटात. धाकटा म्हणाला, “ती ठेवू या.”

“ठेवू या म्हणजे?”

“नको द्यायला. राहू दे. मोठी झाली की दाखवू.”

“दूध आहे ते,” मी म्हटलं. “खराब होईल.”

“मग होऊ दे.” तो माझ्यावर कधी आवाज चढवत नाही. आज चढवला. “तू सगळ्याचं काय ते बरोबर करतेस ना, ताई. एवढं एक माझ्या मनासारखं होऊ दे.”

 बाहेर वऱ्हांड्यात जाऊन बसले. तिथल्या खुर्च्या लोखंडी आणि एकमेकींना जोडलेल्या आहेत. एक हलली की सगळ्या हलतात.

गुरुवार, ५ मार्च

काल बाटली घेतली नाही. चोखायची, थांबायची, रडायची. डॉक्टर म्हणाले, एक-दोन दिवसांत जमेल, नाहीतर पुन्हा नळी.

आज सकाळी धाकटा स्वतःच सिस्टरकडे गेला आणि म्हणाला, “ती शेवटची काढा. नुसती तीच द्या, काही मिसळू नका.” माझ्याकडे पाहिलं नाही. सिस्टरने कोमट करून बाटलीत भरली.

त्याने पिल्लूला मांडीवर घेतलं. मी शेजारी. आधी तिने तोंड फिरवलं. मग एकदा चोखलं. मग पुन्हा. मग डोळे मिटून, भुवया गोळा करून, कामाला लागल्यासारखी प्यायला लागली. 

बाटली अर्धी झाली तेव्हा तो म्हणाला, “ताई, तिला दम लागायचा. तुला बोलली होती का?”

मला वाटलं होतं, हा प्रश्न येईल तेव्हा माझ्याजवळ काहीतरी असेल सांगायला. दुकान बंद होणार होतं. डॉक्टर छान म्हणाले होते. मलाही कळलं नाही, मी काय डॉक्टर आहे?

“हो,” मी म्हटलं. “बोलली होती. मी म्हटलं, खिडकी उघड.”

त्याने मान हलवली. बाटली किंचित तिरपी केली, हवा जाऊ नये म्हणून. 

“मलाही बोलली होती,” तो म्हणाला. “फोनवर. दोनदा. मी म्हटलं, ताई आहे ना घरात, तिला सांग.”

बाटली संपली. पिल्लू रिकामी बाटली चोखत राहिली. सिस्टर म्हणाली, “आता खांद्यावर घ्या, पाठीवरून हात फिरवा.” आम्ही दोघंही उठलो नाही. मग धाकट्याने तिला उचलून माझ्या खांद्यावर ठेवलं आणि तिचं डोकं नीट टेकवून दिलं. मी हात फिरवत राहिले. तिने ढेकर दिला, थोडं दूध माझ्या साडीवर आलं. आम्ही दोघं तिच्याकडेच बघत होतो, एकमेकांकडे नाही.